पांदण रस्त्यावर उकळणारी जीप: बेल्टचा पंखा की इलेक्ट्रिक पंखा?

महामार्गावर तापमानाचा काटा जागचा हलत नाही. बाजाराच्या दिवशी चौकात पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवून उभं राहिलं तरी काही होत नाही. पण आठ-नऊ माणसं आणि टपावर सामान घेऊन गावाकडच्या चढाला लागलं, की तीन किलोमीटरच्या आत पाणी उकळतं. यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यातल्या एका जीपची ही एप्रिलमधली तक्रार. मालकाने ती एवढ्याच शब्दांत सांगितली, आणि अर्धं निदान त्या शब्दांतच होतं.

गाडी जुन्या घडणीची. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन लांबीत बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना, एसी नाही, अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा वीज बनवणारा भाग) ४५ अँपिअरचा. रेडिएटरचा कोअर, म्हणजे पाण्याच्या नळ्या आणि त्यांमधल्या पातळ फिनांची जाळी, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ४२ सेंटिमीटर उंच. मुळात तिला वॉटर बॉडीच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) पुलीवर बेल्टने फिरणारा १६ इंची पंखा होता, मध्ये विस्कस कपलिंग (गरजेप्रमाणे पंख्याला पुलीशी जोडणारी तेलाची जोडणी) आणि भोवती शराउड (हवा पंख्याकडे वळवणारं कवच). दिवाळीनंतर ते सगळं काढून भंगारातून आणलेला, छोट्या पेट्रोल कारचा १२ इंची इलेक्ट्रिक पंखा बसवला गेला. कारणं दोन सांगितली गेली. आधीच्या उन्हाळ्यातही गाडी गरम होत होती, म्हणजे जुना पंखा हवा ओढत नाही. आणि बेल्टवरचा भार गेला की ॲव्हरेज वाढेल. थंडीभर सगळं छान चाललं. लिटरमागे साधारण अर्धा किलोमीटर जास्त मिळाला असं मालकाचं म्हणणं. मार्च संपता संपता मात्र गाडी उकळू लागली.

गाडी कधी गरम होते हे आधी विचारावं, बॉनेट नंतर उघडावं. उभ्या गाडीला इंजिन थोडीच उष्णता टाकतं, पण हवा फक्त पंखाच ओढतो. तिथे काटा चढला तर पंखा फिरतच नाही असं समजावं. ताशी ६०-७० च्या वेगाला समोरून येणारी हवाच पुरते, पंखा असो वा नसो. तिथे काटा चढला तर कोअर तुंबला आहे, नळ्यांत क्षार बसला आहे किंवा पाणी नीट फिरत नाही. आणि या दोन्ही ठिकाणी गाडी शांत राहून फक्त कमी वेगात, भार घेऊन, चढावर तापत असेल, तर पंखा फिरतो आहे पण पुरत नाही. ही जीप तिसऱ्या प्रकारातली.

हवा किती हवी?

त्या रस्त्यावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २० ते २५ किलोमीटरने चालते, इंजिन मिनिटाला २,००० ते २,२०० फेऱ्यांवर असतं. गाडी, माणसं, सामान मिळून वजन अडीच टनांच्या आसपास. मुरमाचा रस्ता आणि बेताचा चढ धरला तर चाकांना पंधरा-सोळा किलोवॉट ताकद लागते. अशा डिझेल इंजिनात जवळपास तेवढीच उष्णता पाण्यात उतरते. म्हणून १५ किलोवॉट धरू.

ही उष्णता हवेने उचलायची. कोअरमधून जाताना हवा २५ अंशांनी तापते असं मानलं, तर सेकंदाला ०.६ किलो हवा लागते. ४३-४४ अंशांच्या हवेची घनता लक्षात घेता ती ताशी सुमारे २,००० घनमीटर भरते. छोट्या कारचा १२ इंची पंखा मोकळ्यात ताशी १,२०० ते १,४०० घनमीटर हवा हलवतो, आणि समोर रेडिएटर आला की त्यातही मोठी घट होते. म्हणजे पंखा नवा कोरा असता तरी या कामाला अपुराच होता.

थंडीत का चालला? रेडिएटर किती उष्णता टाकेल हे पाण्याचं तापमान आणि बाहेरच्या हवेचं तापमान यांच्यातल्या फरकावर ठरतं. पाणी ९५ अंश आणि हवा २५ अंश, तर फरक ७०. हवा ४६ अंश झाली की फरक ४९. तेवढीच हवा जात असताना उष्णता टाकण्याची क्षमता सरळ ३० टक्के घटते, आणि तापलेली हवा सहा-सात टक्क्यांनी विरळही असते. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले. तो आकडा सावलीतल्या, जमिनीपासून उंच ठेवलेल्या तापमापकाचा. डांबरावरून गाडीच्या नाकात शिरणारी हवा त्याहून गरम असते. विदर्भात कोणत्याही पंख्याची परीक्षा मे महिन्यातच घ्यावी. डिसेंबरमधल्या अनुभवावरून काहीच ठरवू नये.

आणखी एक स्थानिक बाब. उन्हाळी दुपारचा गरम वारा इथे बहुधा पश्चिम-वायव्येकडून येतो, आणि गावाचा रस्ता पूर्वेकडे जातो. मागून ताशी २० किलोमीटरचा वारा आणि गाडीही ताशी २० ने पुढे, तर समोरून हवा जवळपास शून्य. मालक म्हणत होता की येताना तेवढी गरम होत नाही, जाताना होते. चढ दोन्ही बाजूंनी थोडाथोडा आहे. फरक वाऱ्याचा होता.

बॉनेटखाली काय सापडलं

ग्रिलच्या आत, रेडिएटरच्या पुढे नायलॉनची मच्छरदाणीची जाळी ताणून बांधलेली होती. कापसाच्या हंगामात गाडी गाठोडी घेऊन जिनिंगला जाते, तिथे रुई उडते, ती कोअरमध्ये जाऊ नये म्हणून. विचार चांगला, जाळी चुकीची. इतकी बारीक जाळी नवी असतानाच हवा अडवते, आणि हिच्यावर तर रुई, धूळ आणि गाजरगवताचं बी यांचा वाकळीसारखा थर बसला होता. एप्रिलमध्ये तिचं काही कामही नव्हतं, फक्त काढायची राहिली होती. तिच्या कडेने सुटलेली रुई कोअरच्या खालच्या तिसऱ्या भागात घट्ट बसली होती. अंधारात कोअरच्या मागे बॅटरी (टॉर्च) धरून पुढून पाहिलं तर खालच्या भागातून उजेडच येत नव्हता. ही तपासणी फुकट होते, दोन मिनिटांत होते, आणि पंखा बदलण्याआधी कुणी करत नाही.

पंखा थेट कोअरवर, फिनांच्या मधून ओवलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेला होता. ही पद्धत सर्रास दिसते आणि ती वाईट आहे. खडबडीत रस्त्यावर पंख्याचं वजन त्या पट्ट्यांवर हलत राहतं, पट्टी नळीला घासते, आणि वर्ष-दोन वर्षांत तिथून पाणी झिरपतं. इथे दोन नळ्यांवर चकचकीत खूण उमटली होती, गळती अजून सुरू झाली नव्हती.

शराउड नव्हतं. १२ इंची पंख्याचं वर्तुळ सुमारे ७३० चौरस सेंटिमीटरचं, कोअर १,८९० चौरस सेंटिमीटरचा. म्हणजे पंख्यासमोर कोअरचा फक्त ३९ टक्के भाग. शराउड नसताना उरलेल्या ६१ टक्क्यांतून हवा ओढली जात नाही. उलट पंख्याच्या कडेने इंजिनकडची गरम हवा पुढे वळते आणि पुन्हा ओढली जाते.

वीज मोजली. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.४ व्होल्ट, पंख्याच्या टोकांवर ११.६. वाटेत १.८ व्होल्ट गळाले. कारण उघड होतं: रिले (मोठा प्रवाह जोडणारा विजेवर चालणारा स्विच) नाही, फ्यूज नाही, १ चौरस मिलिमीटरची वायर डॅशबोर्डवरच्या बटणापर्यंत जाऊन परत आलेली, अर्थिंग रंगावरच आवळलेलं. बटण हाताला गरम लागत होतं. पंख्याचा वेग ढोबळमानाने व्होल्टेजच्या प्रमाणात चालतो, म्हणून १३ टक्के वेग आणि तितकीच हवा तिथेच गेली. फ्यूज नसणं त्याहून गंभीर, कारण मोटर जाम झाली तर बारीक वायर पेट घेऊ शकते.

सुदैवाने पंखा बरोबर दिशेला फिरत होता. तेही तपासावं लागतं. अशा पंख्याच्या दोन वायरी उलट लागल्या तर तो हवा पुढे ढकलतो, आवाज तसाच येतो, मालकाला वाटतं पंखा चालू आहे. ग्रिलपुढे वर्तमानपत्राचा तुकडा धरावा. तो ग्रिलला चिकटला पाहिजे.

एकच रस्ता, पाच फेऱ्या

तुलना करायची म्हणून रस्ता, भार आणि वेळ तीच ठेवली. दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान, हवा ४३ अंश, माणसांच्या जागी रेतीची पोती, तीन किलोमीटरचा तोच टप्पा, दुसरा गिअर. तापमान रेडिएटरच्या वरच्या टाकीवर लेझरवाल्या बिनस्पर्शी थर्मामीटरने घेतलं. चकचकीत धातूवर हे यंत्र कमी तापमान दाखवतं, म्हणून आधी टाकीवर काळी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर नेम धरला. डॅशबोर्डच्या काट्यावर भरवसा ठेवला नाही. पाणी कमी झालं आणि सेन्सर वाफेत राहिला तर तो काटा उलट खाली येतो, आणि नेमकं तेव्हाच हेड गॅस्केट जातं.

पहिली फेरी गाडी आली तशी, पंखा पूर्णवेळ चालू. टप्पा संपण्याआधीच १०७ अंश आणि चढतच. थांबवली. या गाडीच्या रेडिएटरचं झाकण ०.९ बारचं आहे. ते दाब धरत असेल तर साधं पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर गेलं असेल तर आपल्याकडच्या तीनशे मीटर उंचीवर ९९ लाच. या गाडीचं झाकण तपासलं, ते चांगलं होतं. ते खराब असतं तर सगळा दोष पंख्यावर गेला असता.

दुसऱ्या फेरीआधी मच्छरजाळी काढली आणि कोअर साफ केला. साफ करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोरडंच काम. मऊ ब्रशने फिनांच्या उभ्या दिशेत रुई ओढून काढायची, मग इंजिनच्या बाजूने पुढे २ ते ३ बारची हवा मारायची, आणि पाणी सगळ्यात शेवटी, साध्या नळीने. आधीच पाणी मारलं तर रुई आणि काळी माती मिळून नमद्यासारखा गोळा होतो, वाळला की निघत नाही. वॉशिंगवाल्याचा जोराचा फवारा जवळून मारला तर फिना आडव्या होतात. सफाईनंतर तीन किलोमीटरच्या शेवटी १०३. एक पैशाचा सुटा भाग न लावता.

तिसऱ्या फेरीआधी वायरिंग नव्याने केलं. बॅटरीपासून २० सेंटिमीटरच्या आत २५ अँपिअरचा फ्यूज, ४ चौरस मिलिमीटरची वायर, ४० अँपिअरचा रिले: ३० नंबरच्या पिनला फ्यूजमधून येणारी वायर, ८७ वरून पंखा, ८६ ला इग्निशनची चावी, ८५ वरून थर्मोस्विच आणि त्यातून अर्थ. पंख्याचं अर्थिंग थेट बॅटरीच्या ऋण टोकाला. थर्मोस्विच वरच्या बाजूला, इंजिनमधून गरम पाणी येतं तिथे, ९५ ला चालू आणि ९० ला बंद होणारा. पंख्यावर आता १३.१ व्होल्ट आणि १३ अँपिअर. फेरीच्या शेवटी १०१.

चौथ्या फेरीसाठी पत्र्याचं शराउड बनवलं. सगळा कोअर झाकणारं, कोअरपासून ५ सेंटिमीटर खोल, मध्ये पंख्याचं भोक, पात्याच्या टोकापासून ४ मिलिमीटर जागा. इलेक्ट्रिक पंखा शराउडलाच आवळलेला असतो, वेगळा हलत नाही, म्हणून इतकी कमी जागा चालते. महामार्गावर समोरची हवा अडू नये म्हणून कोपऱ्यांत चार चौकोनी भोकं आणि त्यांवर मागे उघडणाऱ्या रबराच्या झडपा. तीन किलोमीटरला ९९. हुरूप आला, म्हणून तोच चढ सहा किलोमीटरपर्यंत नेला. तिथे १०३, आणि आकडा अजूनही सावकाश वरच जात होता. म्हणजे दुरुस्त केलेला इलेक्ट्रिक पंखा संकट लांबवत होता, टाळत नव्हता.

पाचवी फेरी मुळच्या १६ इंची पंख्यावर, नवं विस्कस कपलिंग आणि मूळ शराउड लावून. तिसऱ्या मिनिटाला पंख्याचा घुमणारा आवाज सुरू झाला, म्हणजे कपलिंगने पकड घेतली. सहा किलोमीटरला ९५, आणि शेवटचे दोन किलोमीटर तो आकडा हलला नाही.

फरकाचं मूळ साधं आहे. बेल्टचा पंखा इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वेग घेतो. हवा फेऱ्यांच्या प्रमाणात वाढते आणि पंखा खातो ती ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात. चढावर २,२०० फेऱ्यांना तो दोनेक किलोवॉट घेऊ शकतो, कारण मागे इंजिन आहे. त्या इलेक्ट्रिक पंख्याला मिळतात १३ अँपिअर गुणिले १३.१ व्होल्ट, म्हणजे १७० वॉट, चढ असो की सपाट. उभ्या गाडीला ते १७० वॉट भरपूर होतात, म्हणून चौकात तो शहाण्यासारखा वागत होता.

मग जुना पंखा नालायक का ठरला?

काढलेला जुना पंखा घरी पोत्यात होता. कपलिंगच्या मधल्या भागापासून कडेकडे तेलकट धुळीचे किरण पसरलेले. एवढं पाहूनच कळत होतं. विस्कस कपलिंगमध्ये घट्ट सिलिकॉन तेल असतं. पुढच्या तोंडावर गुंडाळलेली द्विधातूची स्प्रिंग रेडिएटरमागची हवा तापली की वळते, झडप उघडते, तेल चाकाच्या खाचांमध्ये जातं आणि पंखा पुलीला धरून फिरू लागतो. हवा थंड झाली की तेल परत साठ्यात, पंखा नुसता रेंगाळतो. तेलच गळून गेलं असेल तर तो कायमच रेंगाळतो.

खात्रीसाठी तो बसवून फेरे मोजले, पात्यावर चमकणारी टेप लावून फोटो टॅकोमीटरने. पुलीचे फेरे २,४००, इंजिन तापून ९८ अंश, आणि पंख्याचे फेरे फक्त ६५०. नव्या कपलिंगवर त्याच स्थितीत २,०५०. म्हणजे जुन्या पंख्याला त्याच्या हक्काच्या हवेचा तिसरा हिस्साच मिळत होता. दिवाळीत झालेली तुलना बेल्टचा पंखा विरुद्ध इलेक्ट्रिक पंखा अशी नव्हतीच. ती मेलेलं कपलिंग विरुद्ध जिवंत मोटर अशी होती. आमच्या मते या प्रकरणात सर्वांत महाग पडलेली चूक हीच.

टॅकोमीटर नसेल तरी कपलिंग तपासता येतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की पंखा मिनिटभर मोठा आवाज करून मग मऊ पडला पाहिजे. इंजिन बंद ठेवून, तापलेलं असताना पातं हाताने फिरवलं तर ते जड गेलं पाहिजे. टिचकीसरशी दोन-तीन चकरा मारत असेल तर तेल संपलं. पात्याचं टोक पुढे-मागे सहा मिलिमीटरहून जास्त हलत असेल तर बेअरिंग गेलं, आणि ते कपलिंगचं की वॉटर बॉडीचं हे वेगळं पाहावं. उलट बिघाडही होतो: कपलिंग जाम होऊन पंखा सदैव पूर्ण वेगाने फिरतो. तेव्हा गाडी गरम होत नाही, पण सततचा घोंघाट होतो, पिकअप मरतो आणि डिझेल जास्त लागतं.

ॲव्हरेजचा अर्धा किलोमीटरही तपासून पाहावा लागतो. पंखा बदलला त्याच दिवशी एअर फिल्टर आणि इंजिन ऑइलही बदललं होतं, असं बोलता बोलता निघालं. शिवाय जे कपलिंग काढलं ते पकडतच नव्हतं, म्हणजे त्याचा भार आधीच नगण्य होता. तेव्हा वाढलेलं ॲव्हरेज पंख्याच्या खात्यात टाकता येत नाही. चांगलं विस्कस थंडीत आणि महामार्गावर बहुतेक वेळ सुटलेलंच असतं. कपलिंग नसलेला, पुलीवर थेट आवळलेला जुना लोखंडी पंखा काढला तर मात्र डिझेलची बचत खरोखर जाणवते.

पुन्हा बसवताना

कपलिंग दोन प्रकारे बसतं: चार बोल्टवर, किंवा मध्ये मोठ्या नटवर. नट असेल तर सोडण्याआधी आटे कोणत्या दिशेचे आहेत ते पाहावं. पुष्कळ गाड्यांत ते उलटे असतात, आणि ताकद लावून चुकीच्या बाजूला फिरवलं की वॉटर बॉडीचा दांडा जातो. नवं कपलिंग दुकानातून आणताना आणि ठेवताना गाडीत असतं तसं उभं ठेवावं. तोंडावर पालथं ठेवलं तर तेल झिरपतं.

पात्यांचा निम्मा ते दोन तृतीयांश भाग शराउडच्या आत असावा. पातं कोअरपासून २० ते २५ मिलिमीटर लांब, आणि टोकापासून शराउड १५ ते २० मिलिमीटर. ही जागा इलेक्ट्रिक पंख्यापेक्षा जास्त लागते, कारण हा पंखा इंजिनवर असतो आणि इंजिन रबरी माउंटिंगवर डुलतं. माउंटिंग बसलेली असतील तर खड्ड्यात पातं शराउडला लागतं. आवाज आला तर शराउड कापू नये, माउंटिंग बदलावी. पंखा उलटा बसवण्याची चूकही होते. पात्याची फुगीर बाजू पुढे, म्हणजे रेडिएटरकडे असते.

बेल्ट दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने जोरात दाबला तर १० ते १२ मिलिमीटर दबावा. सैल बेल्टने पंखाही सुस्त होतो आणि वॉटर बॉडीही. फार ताणला तर बेअरिंगवर जोर येतो, आणि पंख्या-कपलिंगचं वजनही त्याच बेअरिंगवर असतं.

या गाडीत बोअरचं पाणी घातलेलं होतं. आपल्या भागात ते जड असतं, नळ्यांच्या आत क्षाराचा थर बसतो आणि तो उष्णता अडवतो. रेडिएटर आतून धुऊन घेतला, मग गाडीच्या पुस्तकात सांगितलेलं कूलंट बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरलं. जास्त कूलंट म्हणजे जास्त थंड, हा समज चुकीचा आहे. पाणी कूलंटपेक्षा उष्णता चांगली वाहतं. कूलंट गंज रोखायला आणि उकळणबिंदू वर न्यायला हवं. थर्मोस्टॅट वॉल्व कुणीतरी काढून टाकला होता, तोही परत बसवला. तो उकळत्या पाण्यात धरून उघडतो का, हे पाहूनच.

हाताशी काम करताना दोन गोष्टी. इलेक्ट्रिक पंखा चावी बंद असतानाही सुरू होऊ शकतो, काही गाड्यांत जोडणीच तशी असते. म्हणून बॅटरीची वायर काढूनच हात घालावा. बेल्टच्या पंख्याजवळ इंजिन चालू असताना गळ्यात दुपट्टा नको.

इलेक्ट्रिक पंखा कुठे योग्य

या गाडीचा निकाल सगळ्या गाड्यांना लावू नये. इंजिन आडवं बसवलेल्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत, म्हणजे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासूनच्या बहुतेक छोट्या कारमध्ये, पुलीचं तोंड रेडिएटरकडे नसून बाजूला असतं. तिथे इलेक्ट्रिक पंख्याला पर्यायच नाही, आणि तो त्या रेडिएटरसाठी मोजूनमापून दिलेला असतो. एसी असेल तर उभ्या गाडीत कंडेन्सरला सतत हवा लागते. इंजिन ७५० फेऱ्यांवर रेंगाळत असताना बेल्टचा पंखा तेवढी देत नाही, म्हणून एसीच्या जीपांना विस्कसबरोबर पुढे आणखी एक इलेक्ट्रिक पंखा असतो. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून जावं लागलं तर इलेक्ट्रिक पंखा बंद करता येतो. बेल्टच्या पंख्याची प्लॅस्टिकची पाती पाण्याच्या रेट्याने पुढे वाकून कोअर फाडू शकतात. पूल पाण्याखाली असेल तर अर्थातच जाऊच नये, पंखा कोणताही असो.

या जीपला इलेक्ट्रिकवरच ठेवायचं असतं तर शराउडसह दोन १२ इंची किंवा एक १६ इंची दमदार पंखा लागला असता, २५ ते ३० अँपिअरचा. पण ४५ अँपिअरचा अल्टरनेटर आयडलला वीसेक अँपिअरच देतो. दोन हेडलाइटचे साडेआठ-नऊ, मागचे दिवे आणि मीटरचे दोन, त्यात पंख्याचे तीस मिळवले तर रात्री चौकात उभी गाडी बॅटरीच खाणार. म्हणजे मोठा अल्टरनेटर, त्याचं ब्रॅकेट, जाड वायरी. इतकं करून मिळणारी हवा एका कपलिंगने मिळत होती. १२ इंची पंखा राखीव म्हणून पुढे लावून ठेवावा, ही सूचना मालकाची. ती मानली नाही, कारण पुढे बंद पडून असलेला पंखा महामार्गावर कोअरचा तिसऱ्या भागाहून जास्त हिस्सा झाकून ठेवतो.

मच्छरजाळीच्या जागी ८ मिलिमीटर भोकांची तारेची जाळी चौकटीत बसवून दिली. ती कोअरपासून चार बोटं पुढे आहे, आणि दोन पाखऱ्या नट फिरवले की हातात येते. नोव्हेंबरात जिनिंगच्या फेऱ्या सुरू झाल्यावर दर शनिवारी ती काढून झटकतात. तिच्यावरून मूठभर रुई निघते. कोअरमागे बॅटरी धरली तर आता खालपर्यंत उजेड दिसतो.